मगन संग्रहालय : पाहणे आणि करणे एकाच अंगणात

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालयाचे आणि त्याच्या जोडीच्या उद्योगभवनाचे उद्घाटन केले. संग्रहालय म्हटले की तेव्हा आपल्या भागातल्या माणसाला आठवायचा तो नागपूरचा अजब बंगला. १८६३ पासून तिथे शिलालेख, नाणी, मूर्ती, पेंढा भरलेली जनावरे यांची दाटी होती आणि लोक तोंडात बोट घालून ते बघून यायचे. मगनवाडीत मात्र मांडले होते चरखे, पिंजणी, जाती, तेलाच्या घाण्या, हातकागदाचे ताव आणि ताडाचा गूळ. वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने यातले निम्मेअधिक सामान स्वतःच्या घरात पाहिलेले होते. त्याला ते पुन्हा दाखवायचे कारण एवढेच, की इथे ते सुधारून ठेवले होते. ते कसे चालते हे शेजारच्या शेडमध्ये बघता येत होते आणि मनात आले तर शिकूनही घेता येत होते.

या संस्थेच्या आठ दशकांच्या वाटचालीकडे मी याच एका नजरेने पाहतो. कपाट आणि कारखाना एका अंगणात राहिले तेव्हा संग्रहालय जिवंत होते. त्यांच्यातले अंतर वाढले की त्याच्या अंगावर धूळ चढू लागली. उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी या जागेकडे दुर्मिळ वस्तूंचा साठा म्हणून न पाहता स्वतःला शिकवणारे एक चालतेबोलते पुस्तक म्हणून पाहावे, अशा आशयाचे सांगितले होते. संस्थेचा इतिहास लिहिताना हाच निकष लावणे मला योग्य वाटते.

ज्यांच्या नावाने हे सगळे उभे आहे ते मगनलाल गांधी वर्ध्याला स्थायिक झाले नव्हते. ते गांधीजींचे पुतणे. १९०३ पासून दक्षिण आफ्रिकेत त्यांच्याबरोबर राहिलेले, फिनिक्स वसाहतीत छापखान्यापासून शेतीपर्यंत सगळी कामे केलेले आणि पुढे साबरमती आश्रमाचा सारा कारभार उचललेले. चरखा गांधीजींना सापडला खरा, पण त्याची चाती, माळ, चाक, सुताचा अंक, पीळ आणि ताकद यांचा अभ्यास करून त्याचे शास्त्र मगनलालांनी रचले. ‘चरखाशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक कातणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एका पिढीचे पाठ्यपुस्तक ठरले. २३ एप्रिल १९२८ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. गांधीजींच्या आयुष्यातला हा फार मोठा घाव होता. सहा वर्षांनी ग्रामोद्योगाच्या कामासाठी जागा मिळाली तेव्हा तिला मगनलालांचे नाव मिळावे हे ओघानेच आले. भाषणे करणारा नेता इथे आठवायचा नव्हता. हातात हत्यार धरून विचार करणारा माणूस आठवायचा होता.

हे वर्ध्यातच का घडले, याचे उत्तर कापसात आहे. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत नावाजलेला. रेल्वे आली तीही मुख्यतः कापसाच्या गाठी मुंबईला पोचवण्यासाठी. हिंगणघाट आणि पुलगाव इथे गिरण्या निघाल्या, जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहिली. पऱ्हाटी पिकवणाऱ्याच्या घरातला चरखा मात्र तोवर माळ्यावर गेलेला. आपलाच कापूस बाहेर पाठवायचा आणि त्याचेच कापड पैसे मोजून परत आणायचे, असा उलटा फेरा या जिल्ह्याने दोन पिढ्या अनुभवला होता. हा फेरा मोडायचा प्रयोग करायला याहून योग्य जमीन शोधूनही मिळाली नसती.

दुसरे कारण म्हणजे जमनालाल बजाज. विनोबा ८ एप्रिल १९२१ रोजी वर्ध्याला आले ते त्यांच्याच आग्रहाने. १९२८ साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले, तेव्हा देशभर वर्ध्याचे नाव झाले. दांडीयात्रेनंतर स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही, असा गांधीजींचा निश्चय होता. त्यांना या शहरात आणण्यासाठी जमनालालजींनी जे जे केले त्यातलेच एक म्हणजे आपली बाग आणि तिथला बंगला देऊन टाकणे. तीच पुढे मगनवाडी झाली.

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनानंतर गांधीजी काँग्रेसच्या सभासदत्वातून बाहेर पडले आणि त्याच अधिवेशनाच्या ठरावानुसार १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. अध्यक्ष होते वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, वकिली सोडून सार्वजनिक कामात उतरलेले. संघटक आणि चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन ही नावे होती. ग्रामोद्योग म्हणजे विज्ञानाला पाठ फिरवणे, असे समजणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी. जात्यावरचे पीठ आणि गिरणीचे पीठ, हातसडीचा तांदूळ आणि पॉलिशचा तांदूळ यांतला फरक संघाला भावनेवर सोडायचा नव्हता. त्यासाठी तपासणी हवी होती आणि तपासणारे शास्त्रज्ञ हवे होते.

१९३५ च्या सुरुवातीपासून ३० एप्रिल १९३६ ला शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजी मगनवाडीतच राहिले. या मुक्कामाकडे चरित्रकारांनी फार लक्ष दिलेले नाही, पण संग्रहालयाचे बीज याच काळात पडले. स्वयंपाकघरच प्रयोगशाळा झाले होते. सोयाबीन किती शिजवावे, कसे खावे, पचते का, याचे मगनवाडीतले अनुभव ‘हरिजन’मध्ये छापून येत होते. सोयाबीन आज आपल्या जिल्ह्याच्या शेतात पसरलेले पीक आहे. तेव्हा ते इथल्या ताटात पाहुणा होते. दुसरीकडे, जवळच्या सिंदी गावात मीराबेन आणि महादेवभाई देसाई सफाईला जात होते. गावकऱ्यांनी रस्त्यावर केलेली घाण स्वतः उचलत होते. गावाचा उद्योग आणि गावाची स्वच्छता ही दोन वेगळी खाती नाहीत हे मगनवाडीने आधी अंगाने शिकले आणि नंतर भिंतीवर मांडले.

मगनवाडीच्या कार्यशाळांत काय चालले होते? झवेरभाई पटेल तेलघाणीच्या मागे लागले होते. गावच्या तेल्याची घाणी लहान, एका वेळी बी थोडेच घेणारी आणि बैलाला दमवणारी. तिची उखळी, लाट आणि जोखडाची ठेवण बदलून त्यांनी जी घाणी तयार केली ती पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. तिळाचे, जवसाचे ताजे तेल आणि गुरांना ढेप गावातच राहावी, एवढा साधा तिचा हेतू. चिंध्या आणि रद्दीच्या लगद्यातून ताव काढायचा हातकागद विभाग होता. मधमाश्या पाळण्याचे, साबणाचे, ताडगुळाचे प्रयोग होते. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ होता आणि स्वयंपाकघरातला धूर बाहेर काढणारी ‘मगनचूल’ होती. बाईच्या डोळ्यांत जाणारा धूर हा शास्त्रज्ञाने सोडवायचा प्रश्न आहे असे मानणारी माणसे त्या काळात किती असतील? ही चूल पुढच्या सगळ्या निर्धूर चुलींची पूर्वज आहे आणि तिच्यापाशी थांबल्याशिवाय संग्रहालयातून कुणी पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

मगनचरख्याचीही गोष्ट सांगायलाच हवी. मगनलालांचे पुतणे प्रभुदास गांधी यांनी पायाने चालवायचा, दोन चात्यांचा चरखा बनवला आणि त्याला मगनलालांचे नाव दिले. हाताला चाक फिरवावे लागत नसल्याने दोन्ही हातांनी दोन धागे काढता येत. १९३२ साली येरवडा तुरुंगात गांधीजींचा कोपर दुखू लागला, तेव्हा त्यांनी हा चरखा मागवून घेतला आणि साठी उलटलेल्या वयात नवी रीत शिकले. नव्या कातणाऱ्याचा धागा जसा तुटतो तसा त्यांचाही तुटत होता. येरवड्याचाच पेटीचरखा, किसान चरखा, टकळी आणि स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी घडवलेला अंबर चरखा ही मालिका ओळीने पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. चरखा ही कधीच संपून गेलेली, ठरून गेलेली वस्तू नव्हती. वीसतीस वर्षांत तिने जेवढी रूपे बदलली तेवढी त्याआधी काही शतकांत बदलली नसतील.

आता कलेबद्दल. मगन संग्रहालयाला कुणी कलासंग्रहालय म्हणत नाही. मला मात्र ते तसेच वाटते आणि त्याचे कारण नंदलाल बोस. १९३६ च्या लखनौ अधिवेशनासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनातून नंदलालांना बोलावून घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या खानदेशातल्या फैजपूरला, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात, बांबू, तट्टे, गवत अशा जवळच मिळणाऱ्या सामानातून त्यांनी नगर सजवले. अध्यक्षांच्या मिरवणुकीचा बैलांचा रथ रंगवला. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला त्यांनी शेतकरी, शिंपी, ढोलकीवाला, दळणारी बाई यांची चित्रे काढून मंडपाच्या दारांवर लावली. या अधिवेशनांबरोबर खादी आणि ग्रामोद्योगाची प्रदर्शने भरत आणि खेड्यातली माणसे ती बघायला लोटत. पण प्रदर्शन उठले की मंडप मोडायचा, बांबू विकायचे, वस्तू आपापल्या गावी जायच्या. हरिपुऱ्यानंतर दहा महिन्यांनी उघडलेले मगन संग्रहालय हे या फिरत्या प्रदर्शनांना मिळालेले कायमचे घर होते. उपयोगाची वस्तूच सुंदर असू शकते, असावी, ही दृष्टी नंदलालांच्या चित्रांत आहे आणि इथल्या मांडणीतही आहे.

महाराष्ट्रात याच्याशी तुलना होते ती पुण्याच्या केळकर संग्रहालयाची. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारे, वाद्ये अशा घरगुती वस्तू प्राणपणाने जमवल्या आणि जुन्या हातांचे कौशल्य वाचवले. स्टॉकहोमला १८९१ साली उघडलेल्या स्कान्सेनमध्ये गावची घरेच्या घरे आणून उभी केली आणि त्यांत कारागीर बसवले. दोन्ही कामे मोठीच आहेत, पण दोन्हींची तळमळ मावळत्या गोष्टीसाठी होती. मगनवाडीला मावळू द्यायचे नव्हते. तिथे घाणी ठेवली ती उद्या कुठल्या तरी गावात नवी घाणी बसावी म्हणून.

कुमारप्पा हे या जागेचे खरे रहिवासी. ४ जानेवारी १८९२ ला तंजावरला जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले आणि मुंबईत सुटाबुटात वावरलेले हे गृहस्थ १९२९ साली गांधीजींना भेटले आणि त्यांचे आयुष्य वळले. मगनवाडीतून ते ‘ग्रामोद्योग पत्रिका’ चालवत, ग्रामसेवकांना शिकवत आणि मध्य प्रांताच्या सरकारसाठी उद्योगांची पाहणीही याच काळात त्यांनी केली. बेचाळीसनंतर तुरुंगवास झाला तेव्हा जबलपूरच्या कोठडीत त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. निसर्गाकडून उचलायचे किती आणि परत करायचे किती, हा प्रश्न जगाच्या चर्चेत यायला अजून तीन दशके होती. १९७३ साली शूमाखरचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ आले आणि त्यात कुमारप्पांचा आधार घेतलेला पाहून परदेशी वाचकांनी त्यांचा शोध सुरू केला. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, मदुराईत त्यांचे निधन झाले. संग्रहालयासमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या वर्धेकरांपैकी किती जणांना हे कुमारप्पा माहीत आहेत, याचा विचार आपण शाळाचालकांनी तरी करायला हवा.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. ग्रामोद्योग संघाचे काम सर्व सेवा संघात विलीन झाले. खादी आणि ग्रामोद्योग हा सरकारी विषय झाला. १९५७ साली खादी आयोग आला. मगनवाडीत जमनालालजींच्या नावाने मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली, तिचेच रूपांतर २००८ मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले. तिथे आज प्रयोगशाळा आहेत, अभियंते आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. पण संशोधन एका संस्थेत आणि वस्तू दुसऱ्या संस्थेत अशी वाटणी झाली की संग्रहालयापाशी उरते ते जतन. पाहुण्यांनी यावे, बघावे, अभिप्राय-वहीत दोन ओळी लिहाव्यात. १९३८ च्या कल्पनेला एवढ्याने न्याय मिळत नाही.

ही दरी बुजवायचा पहिला मोठा प्रयत्न देवेंद्रकुमारांचा. कुमारप्पांच्या विचारात मुरलेल्या या कार्यकर्त्याने १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले आणि त्याचा पत्ता बराच काळ मगन संग्रहालय हाच होता. प्रयोगशाळेतले ज्ञान आणि गावातला कारागीर यांच्यामध्ये पूल बांधायचा, ही त्यांची धडपड. कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकात एक बसवून कमानीचे छप्पर करायचे, म्हणजे लाकूड नको, लोखंड नको आणि कुंभारालाही काम मिळते, असे त्यांचे उपाय होते. स्वस्त संडास, शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्याचा कागद, मधमाश्यांना न मारता मध काढणे ही कामेही तिथलीच. पुढे केंद्र दत्तपूरला स्वतःच्या जागेत गेले.

दुसरा टप्पा विभा गुप्ता यांच्या नेतृत्वाखालच्या मगन संग्रहालय समितीचा. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात वर्धा होता. कापसाचा प्रश्न जुना होता तसाच पुढ्यात उभा राहिला. समितीने त्याला आपल्या परीने दिलेले उत्तर म्हणजे मगन खादी. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा सेंद्रिय कापूस घ्यायचा, त्याचे सूत इथेच काढायचे, हातमागावर कापड विणायचे, वनस्पतींपासून केलेल्या रंगांत रंगवायचे आणि कपडे शिवून विकायचे. या साखळीत मोठ्या संख्येने बाया काम करतात. दालनात चरख्यांची मालिका पाहून बाहेर पडावे आणि त्याच संस्थेच्या रंगाईत ओल्या सुताच्या लडी वाळत असलेल्या दिसाव्यात, हे मला उद्घाटनाच्या कल्पनेच्या सर्वांत जवळचे वाटते. कपाट आणि कारखाना पुन्हा शेजारी आले.

आता शेजाराविषयी. वर्धा हे आज विद्यापीठाचे गाव आहे. १९३६ साली इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये मारवाडी विद्यालयात, म्हणजे पुढच्या नवभारत विद्यालयात, देशभरचे शिक्षणतज्ज्ञ जमले आणि हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमची रूपरेषा ठरली. पुढच्या वर्षी हे संग्रहालय आले. भाषा, शिक्षण आणि कारागिरी या तिन्हींचे विचार तीन वर्षांत एका लहान शहरात आकाराला आले. १९७५ च्या जानेवारीत राष्ट्रभाषा प्रचार समितीने नागपूरला पहिले विश्व हिंदी संमेलन भरवले, त्यात वर्ध्याला आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ व्हावे असा ठराव झाला आणि १९९७ अखेर संसदेच्या कायद्याने ते अस्तित्वात आले. शहराबाहेरच्या पंचटीला टेकड्यांवर त्याचा परिसर आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातली आणि परदेशातलीही मुले तिथे राहतात, नाटके बसवतात, चित्रपट शिकतात.

या मुलांच्या भोवती जे आहे ते दुसऱ्या विद्यापीठांना हेवा वाटावा असे आहे. सेवाग्रामला बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडे आणि चरखा. गोपुरीचे गीताई मंदिर, १९८० साली विनोबांच्या हस्ते खुले झालेले, ज्याला मूर्ती नाही आणि छप्पर नाही, आहेत ते गीताईचे अठरा अध्याय कोरलेले दगड. पवनारला विनोबांना शेत खणताना सापडलेली राम-भरत भेटीची वाकाटककालीन शिळा. शहराच्या ऐन वस्तीत मगन संग्रहालय. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या तीन ठिकाणी जातो आणि चौथे राहून जाते, कारण तिथे दर्शन घ्यायचे काही नाही. तिथे पाहून झाले की हात लावावासा वाटतो आणि त्याला वेळ लागतो.

१९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला मराठी साहित्य संमेलन झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा झाले. दोन्ही वेळा साहित्यिकांनी सेवाग्रामची वाट धरली. पुढच्या वेळी मगनवाडीही कार्यक्रमपत्रिकेत असावी, अशी विनंती आत्ताच नोंदवून ठेवतो.

संग्रहालयापुढची कामे बरीच आहेत. मला त्यांतले एक तातडीचे वाटते. इथल्या प्रत्येक हत्याराचे नाव आहे, त्याच्या प्रत्येक भागाचे नाव आहे आणि तेली, कोष्टी, कुंभार, चांभार, बुरूड यांच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना ती नावे अजून येतात. घाणीच्या उखळीत बी कधी ढवळायचे, पाण्याचा हबका कधी मारायचा, ताव साच्यावरून कसा उलटायचा, हे ज्ञान पाटीवर मावत नाही. ते त्यांच्याकडून बोलते करून, चित्रित करून ठेवावे लागेल. टेकडीवर विद्यापीठात ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण शिकणारी मुले आहेत, मगनवाडीत वस्तू आहेत, देवळी, आर्वी, सेलू, समुद्रपूरकडच्या गावांत माणसे आहेत. या तिघांना एकत्र बसवायला फार मोठा निधी लागत नाही. समितीने, विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी येत्या हिवाळ्यातच हे काम सुरू करावे आणि सुरुवात घाणीपासून करावी, कारण लाकडी घाणीवर आयुष्य काढलेले तेली आता फार थोडे उरले आहेत.